वीज रात्रीची, डॉक्टर दिवसाचा



जिल्हा बैठकीत आपण कापसाच्या भावाचे बोलतो, ज्वारीच्या कडब्याचे बोलतो, पीक विम्याच्या पैशाचे बोलतो. या वेळी एक वेगळा हिशोब मांडायचा आहे. हा हिशोब रुपयांचा नाही, तासांचा आहे. आठवड्याचे तास १६८. यांतल्या किती तासांत आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या तातडीच्या खोलीत डॉक्टर प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे? याचा आकडा महाराष्ट्राच्या कोणत्या कायद्यात लिहिला आहे? आम्ही शोधला. परिपत्रके सापडली, मानके सापडली, मंत्र्यांची आश्वासने सापडली. विधानसभेने मंजूर केलेला, शेतकऱ्याला कोर्टात दाखवता येईल असा आकडा सापडला नाही.

आकडा नाही म्हणून जबाबदार कोणी नाही, आणि जबाबदार कोणी नाही म्हणून खोली रिकामी राहिली तरी कोणाची खुर्ची हलत नाही. एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. ते पटते का, हे बैठकीत तुम्ही ठरवायचे.

संकट रात्रीच का येते?

बारामती आणि इंदापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला नीरेचा डावा कालवा, ऊस आणि साखर कारखाने आठवतात. पण बारामतीला सुपे, मोरगाव, लोणी भापकर, तरडोलीचा जिरायत पट्टाही आहे. इंदापूरला लाकडी, निंबोडी, शेळगावची कोरडी शिवारे आहेत. तिथे मालदांडी ज्वारी पावसाच्या आणि दवाच्या भरवशावर येते. विहिरीत हातभर पाणी असले तर ते कांद्याला, मक्याला, जनावरांच्या चाऱ्याला द्यायचे. आणि ते द्यायचे केव्हा? वीज येईल तेव्हा. शेतीपंपाला दिवसा वीज देण्याच्या योजना सुरू आहेत, सौर फीडर उभे राहत आहेत. तरी अजून कितीतरी गावांत आलटून पालटून रात्रीची पाळी येतेच. रात्री पाणी धरणारा माणूस अनवाणी पायाने सरीत उभा असतो, हातात बॅटरी आणि खोरे. घोणस, नाग, मण्यार यांचाही तोच फिरण्याचा वेळ.

मण्यार तर घरात येऊन जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचे कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात पित्त झाले असेल. फवारणी दिवसा होते, पण विषाचा जोर कित्येकदा संध्याकाळी घरी आल्यावर दिसतो. बाळंतपणातला रक्तस्राव घड्याळ पाहून येत नाही. मळणी यंत्रात हात जातो तो दिवसभराच्या थकव्यानंतर, अंधार पडता पडता. भिगवण-इंदापूरच्या हमरस्त्यावरची टक्कर पहाटेच्या डुलकीत होते.

म्हणजे सरकार वीज देते रात्री, आणि दवाखान्याचा पूर्ण कारभार चालवते दिवसा. बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळची, औषधाच्या खिडकीची वेळ सकाळची, साहेबांच्या भेटीची वेळ सकाळची. रात्री उरते ती एक परिचारिका, एक शिपाई आणि बाहेर लावलेला "२४ तास सेवा" हा फलक. डॉक्टर कुठे आहेत? "फोन केलाय, येतायत." किंवा, "पुढे न्या."

कुठल्या एका दवाखान्याचे नाव घेऊन आम्ही बोट दाखवत नाही. चांगले चालणारे दवाखानेही आहेत, रात्र रात्र जागणारे डॉक्टरही आहेत. पण जिल्ह्यात कुठेही बैठक घ्या आणि "पुढे न्या" हे दोन शब्द किती जणांनी ऐकले आहेत ते हात वर करून विचारा. हातांची मोजणी करावी लागणार नाही.

पुढे न्या म्हणजे किती पुढे?

बारामती शहरात २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. आज त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. शहरात सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. झाले ते चांगलेच झाले. पण मोरगाव-सुप्याहून बारामती तीस-चाळीस किलोमीटर. इंदापूरहून बारामती पन्नासेक किलोमीटर आणि पुण्याचे ससून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. नागाचे विष श्वास बंद पाडायला एवढा वेळ देत नाही.

आणखी एक गोष्ट रोखठोक बोलली पाहिजे. बारामतीला जे मिळाले ते नेत्यांच्या वजनाने मिळाले. वजन असेल तिथे इमारत येते. ज्या तालुक्याच्या नेत्याला वजन नाही, त्या तालुक्यातल्या माणसाने काय करायचे? मेहेरबानीने आलेली गोष्ट मेहेरबानी संपली की जाते. कायद्याने आलेली गोष्ट मागायला कुणाच्या बंगल्यावर जावे लागत नाही. म्हणून आम्ही आणखी एक इमारत मागत नाही. आम्ही कायदा मागतो.

इंजेक्शन आहे ना, मग डॉक्टर कशाला?

हा प्रश्न आम्हाला अधिकाऱ्यांनी विचारलेला आहे, म्हणून उत्तर नीट देतो.

सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव त्यासाठी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण ही लस म्हणजे धनुर्वाताचे इंजेक्शन नव्हे, टोचले आणि घरी पाठवले. ती शिरेतून द्यावी लागते. तिनेच काही रोग्यांना जोराची उलटी प्रतिक्रिया येते, रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. त्या क्षणी अ‍ॅड्रेनालिन देणारा हात हवा. घोणस चावली की रक्त गोठायचे थांबते. ते तपासायला कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे थांबायचे आणि मग लस द्यायची की नाही, परत किती द्यायची, हे ठरवायचे. नाग-मण्यारच्या दंशात लस देऊनही श्वास बंद पडू शकतो. तेव्हा घशातून श्वासनलिकेत नळी घालून हाताने फुगा दाबत रोग्याला जगवायचे असते. हे सगळे एकट्या परिचारिकेवर सोडणे म्हणजे तिच्यावरही अन्याय आणि रोग्यावरही.

फवारणीच्या विषबाधेचे तसेच. आम्ही कृषी पदवी घेतलेली माणसे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण ओळखायला आम्ही तुम्हाला वर्षानुवर्षे शिकवत आलो. डब्याबरोबरच्या माहितीपत्रकावर विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा छापलाच पाहिजे असे १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात. म्हणून प्रत्येक पत्रकावर लिहिलेले असते की त्वरित डॉक्टरांना बोलवा. आता आम्ही विचारतो, कोणत्या डॉक्टरांना? उतारा अ‍ॅट्रोपिन आहे, हे खरे. पण ते दर काही मिनिटांनी डोळ्याची बाहुली, नाडी, छातीतला घर्घर आवाज पाहून वाढवत न्यायचे असते. रोग्याच्या उशाशी तासन् तास बसून. फोनवर हे होत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते कापूस पिकवणाऱ्या कोणालाही विसरता येणार नाही. कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर औषध कोणते, पंप कोणता, हातमोजे का नव्हते, यावर भरपूर बोलले गेले. ते बोलणे जरूर होते. पण शेतातून निघालेल्या माणसाला पहिल्या दवाखान्यात पहिला डॉक्टर किती वेळात भेटला, हा प्रश्न तेवढ्याच जोराने कुणी विचारला नाही.

एक माणूस जागेवर असला तर

जागेवर डॉक्टर असण्याने काय होते याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचा एक तरुण डॉक्टर नेमला गेला. कोकणात लाल विंचू चावून त्या काळी गंभीर रोग्यांतले शंभरात चाळीसच्या आसपास दगावत. हा डॉक्टर रोग्याच्या खाटेशेजारी बसून राहिला. नाडी, रक्तदाब, छाती, सगळे तास तासाला लिहून ठेवले. त्यातून विंचवाचे विष हृदयावर कसे जाते ते कळले. पुढे प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो हे त्यांनी दाखवून दिले. मृत्यूचे प्रमाण शंभरात एक-दोनवर आले. जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांनी ते छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी वर्षानुवर्षे सर्पदंशाच्या रोग्यांवर असेच काम केले.

यातून सरकारने धडा काय घेतला? सत्कार केला. धडा असा घ्यायचा होता की डॉक्टर खाटेजवळ बसला तर मरणाचा आकडा खाली येतो, म्हणून प्रत्येक तातडीच्या खोलीत डॉक्टर बसवा. एखादा बावस्कर नशिबाने मिळतो. जिल्ह्याचा कारभार नशिबावर चालवायचा नसतो.

२००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली मांडला. म्हणजे वर्षाला ५८ हजार. त्यांतले बहुतेक खेड्यातले. २०२४ साली केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. कागद उत्तम आहे. पण आराखडा लस टोचत नाही.

कोर्टाने काय सांगितले, सरकारने काय केले

आता कायद्याकडे येऊ. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमी माणूस समोर आला की सरकारी असो वा खाजगी, डॉक्टरने आधी उपचार करायचे, पोलीस पंचनामा नंतर. त्या प्रकरणात अपघातातल्या स्कूटरस्वाराला एका दवाखान्याने वीस किलोमीटर लांबच्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवले होते. तो वाटेतच गेला.

दुसरा निकाल तर आपल्या नात्यातला आहे. पश्चिम बंगालमध्ये शेतमजुरांची एक संघटना आहे, पश्चिम बंग खेत मजदूर समिती. १९९२ साली तिचा एक सभासद रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. प्राथमिक केंद्रापासून कलकत्त्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांपर्यंत त्याला फिरवले. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खाजगीत पैसे भरून तो वाचला. संघटना गप्प बसली नाही, थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली निकाल लागला: वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली. शेतमजुरांच्या संघटनेने साऱ्या देशाचा हक्क मिळवून दिला. हे लक्षात ठेवा. तज्ज्ञांच्या समितीला ते जमलेले नव्हते.

मग कायदे काय झाले? केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांचा कायदा केला. त्यात तातडीच्या रोग्याला स्थिर करण्याचे बंधन आहे. पण वाक्याच्या पोटात चार शब्द ठेवले: उपलब्ध कर्मचारी आणि सुविधांच्या मर्यादेत. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यातही अगदी असेच शब्द आहेत. आता या शब्दांची करामत पाहा. डॉक्टर असेल तर उपचाराचे बंधन. डॉक्टर नसेल तर बंधनच नाही! म्हणजे जो दवाखाना पाच डॉक्टर ठेवतो तो कायद्यात अडकतो आणि जो एकही ठेवत नाही तो मोकळा. चोरी पकडायचा कायदा करायचा आणि त्यात लिहायचे की गावात पोलीस उपलब्ध असेल तरच चोरी हा गुन्हा. त्यातला प्रकार हा. आणि हा लंगडा कायदाही महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही.

महाराष्ट्राचा आपला कायदा १९४९ चा, शुश्रूषागृह नोंदणीचा. त्याच्या नियमांत २०२१ साली मोठी दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आली, दरपत्रक लावणे आले, तक्रारीची सोय आली. पण हा कायदा खाजगी शुश्रूषागृहांसाठी. सरकारने आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी चालवलेले दवाखाने १९४९ च्या मूळ कायद्यानेच नोंदणीच्या बाहेर ठेवले. शेजाऱ्याला शिस्त लावायची आणि स्वतःच्या घराला दार ठेवायचे नाही!

सरकारी दवाखान्यांसाठी काय आहे? भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके. २००७ साली आली, २०१२ आणि २०२२ साली सुधारली. सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र, १ लाख २० हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाचे केंद्र, तिथे कोणकोण तज्ज्ञ असावेत, सगळे त्यात आहे. पण मानक म्हणजे कायदा नव्हे. मानक मोडले तर कुणाला शिक्षा नाही, कुणाला नुकसानभरपाई नाही. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीसारखे ते आहे. पाळले तर उत्तम, नाही पाळले तर विचारणारे कोणी नाही.

कायद्याला माणूस बसवता येत नाही, असे नाही

कुणी म्हणेल, कायद्याने माणूस जागेवर बसतो का? बसतो. सरकारला हवे तिथे बसतो.

औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट पाहिजे, हा कायदा आहे. कीटकनाशक विकायच्या परवान्यासाठी शिक्षणाची अट २०१५ पासून आहे. ५०० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वैद्यकीय माणसासह उपचाराची खोली कामाच्या वेळात चालू पाहिजे, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४५ ने घालून दिले होते. साखर कारखान्यात काम करणाऱ्याला अशी तरतूद लागू. त्याच कारखान्याला ऊस देणाऱ्याला, ऊस तोडणाऱ्याला, आणि शेजारच्या जिरायतात ज्वारी काढणाऱ्याला काही लागू नाही. म्हणजे विष विकणाऱ्या माणसाची पात्रता कायदा मोजतो. तेच विष अंगावर घेऊन जो दवाखान्यात येतो, त्याच्यापुढे रात्री कोण उभा राहील हे कायदा मोजत नाही.

याहून कडू गोष्ट ऐका. माणूस संशयास्पद रीतीने मेला की पोलिसांनी प्रेत जवळच्या पात्र वैद्यकीय अधिकाऱ्याकडे तपासणीला पाठवायचे, हे फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मेलेल्यासाठी डॉक्टर नेमका कोण, हे कायदा जाणतो. मरणाऱ्यासाठी जाणत नाही.

आणि मेल्यावर पैसेही मिळतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना २०२३ पासून सानुग्रह अनुदान म्हणून चालते. सर्पदंशाने, विंचूदंशाने, वीज पडून शेतकरी गेला तर वारसांना दोन लाख रुपये. सातबारा जोडा, मृत्यूचा दाखला जोडा, शवविच्छेदनाचा अहवाल जोडा. आम्ही या दोन लाखांना नाही म्हणत नाही. ज्या घरचा कर्ता गेला त्या घराला ते हवेतच. पण आम्ही एवढेच विचारतो की मरणाचे पैसे ठरवताना आकडा सुचला, मग जगवायचे पैसे ठरवताना आकडा का सुचत नाही?

बाहेरच्या जगात काय चालले आहे

अमेरिकेत मोठमोठ्या कंपन्यांनी दवाखाने आणि डॉक्टरांचे गट विकत घेतले. पैसे वाचवायला काही ठिकाणी तातडीच्या विभागातून डॉक्टरच काढून टाकला आणि कमी पगाराच्या सहायकांवर खोली चालवली. लोकांनी आणि तिथल्या तातडीच्या डॉक्टरांच्या संघटनेने हा प्रश्न राज्यांच्या विधिमंडळात नेला. गेल्या काही वर्षांत इंडियाना, साउथ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांनी कायदे केले: तातडीचा विभाग उघडा आहे तोवर त्याची जबाबदारी असलेला किमान एक डॉक्टर जागेवर हजर पाहिजे. व्हर्जिनियाचा कायदा २०२५ च्या जुलैपासून लागू झाला.

तिथेही खेड्यातल्या दवाखान्यांनी तक्रार केली की डॉक्टर मिळत नाहीत. खेड्यातल्या लहान, २५ खाटांपर्यंतच्या दवाखान्यांसाठी तिथे आधीपासून वेगळा केंद्रीय नियम आहे: खोलीत चोवीस तास डॉक्टर नसला तरी बोलावल्यावर साधारण अर्ध्या तासात जबाबदार वैद्यकीय माणूस दवाखान्यात पोचला पाहिजे. अर्धा तास! नियमात मिनिटे लिहिलेली आहेत. आपल्याकडे "येतायत" हा शब्द आहे. त्याला मिनिटे नाहीत.

ते काय म्हणतील

ते म्हणतील, डॉक्टर खेड्यात येत नाहीत. आम्ही म्हणतो, कसे येतील? राहायला खोली गळकी, रात्री एकटा, सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी शवविच्छेदन, मध्येच कोर्टाची साक्ष. हिशोब मांडा. आठवड्याचे तास १६८, एका माणसाची ड्युटी ४८ तास. म्हणजे एक खोली सतत भरलेली ठेवायला साडेतीन माणसे. रजा, आजारपण, प्रशिक्षण, साक्षी धरल्या तर पाच. पाच डॉक्टर म्हणजे एक जागता डॉक्टर. हा गुणाकार शाळेतले पोर करील. मंत्रालयाने एक-दोन माणसे नेमायची, त्यांना चोवीस तासांचा फलक लावायला सांगायचे आणि ते थकले की कामचुकार म्हणायचे. एका बैलावर चार एकर नांगरट लादून बैलाला दोष देण्यातला हा प्रकार.

माणसे नाहीत हेही खरे नाही. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरवर एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र आहे. कित्येक वर्षे १० लाख रुपये दंड भरून त्यातून सुटता येत होते. पदव्युत्तर शिकणाऱ्याने तीन महिने जिल्हा पातळीवर काम करायचे, असा नियम २०२० साली आला. बारामतीतच वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या शिकाऊ आणि निवासी डॉक्टरांच्या पाळ्या, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, सुपे आणि इंदापूरच्या बाजूला का लागू नयेत? तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून या देशात २००९ साली मान्यता मिळाली. शाखा शहरात राहिली आणि तातडी खेड्यात.

ते म्हणतील, १०८ ची गाडी आहे. आहे, आणि तिने माणसे वाचवली आहेत. २०१४ साली राज्यात ९३७ गाड्यांनी ती सेवा सुरू झाली. त्या गाडीतल्या डॉक्टरांना, ते बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, आम्ही कमी लेखत नाही. पण गाडी रोग्याला कुठेतरी नेते. जिथे नेते तिथे कुणी नसेल तर गाडी म्हणजे चाके लावलेले "पुढे न्या".

ते म्हणतील, महात्मा फुले योजनेचे कार्ड आहे, रस्ते अपघाताला २०२५ पासून केंद्राची दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचाराची योजना आहे. कार्ड बिल भागवते. कार्ड श्वासनलिकेत नळी घालत नाही. आणि ती दीड लाखाची योजना मोटारीच्या अपघाताला आहे. रस्त्यावर पडलात तर आहे, विहिरीत पडलात तर नाही.

ते म्हणतील, पैसा कुठे आहे? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच दिले आहे. आणि माणसे न नेमण्याची किंमत २०२३ साली नांदेडने दाखवली. तिथल्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण गेले, त्यांत नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा सरकारला रिकाम्या जागांचा हिशोब काढावा लागला. हिशोब काढायला चोवीस प्रेते लागावीत काय?

आमच्या मागण्या

एक. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात, तसेच "२४ तास" हा फलक लावणाऱ्या प्रत्येक खाजगी दवाखान्यात, तातडीच्या खोलीत किमान एक एमबीबीएस डॉक्टर सर्व वेळ प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे, असा कायदा विधानसभेने करावा. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे. दिल्लीकडे बोट दाखवू नये.

दोन. प्रत्येक खोलीमागे पाच पदे मंजूर करून भरावीत. पद रिकामे राहिले तर जबाब आरोग्य खात्याच्या सचिवाने द्यावा, ड्युटीवरच्या डॉक्टरने नव्हे.

तीन. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री बोलावल्यावर अर्ध्या तासात डॉक्टर पोचला पाहिजे आणि ती वेळ नोंदवहीत लिहिली पाहिजे.

चार. "उपलब्धतेच्या मर्यादेत" हे शब्द आमच्या कायद्यात नकोत.

पाच. पुढे पाठवायचेच असेल तर आधी रोग्याला स्थिर करावे, पुढच्या दवाखान्याला फोन करावा आणि कारण लेखी द्यावे.

सहा. डॉक्टर आणि परिचारिका यांना दवाखान्याच्या आवारात राहण्याजोगे घर, रात्रीचा भत्ता आणि संरक्षण द्यावे.

आपण काय करायचे

पहिले काम. आपल्या जवळच्या दवाखान्याला माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मंजूर पदे किती, भरलेली किती, गेल्या तीन महिन्यांचे रात्रपाळीचे ड्युटी पत्रक, आणि रात्री आलेल्यांपैकी किती जणांना पुढे पाठवले. एवढे चारच प्रश्न. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ते पुढच्या बैठकीला आणा, आपण सगळ्या तालुक्यांची बेरीज करू.

दुसरे काम. पुढच्या ग्रामसभेत वरच्या सहा मागण्यांचा ठराव मांडा, बायाबापड्यांच्या सह्यांसकट. मत मागायला येईल त्या प्रत्येक उमेदवाराला तो वाचून दाखवा आणि एकच विचारा: कायदा की इमारत? इमारत म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

तिसरे काम म्हणजे एक पथ्य. डॉक्टरच्या अंगावर कुणी जायचे नाही. दवाखान्यातल्या मारहाणीविरुद्ध राज्यात २०१० पासून कडक कायदा आहे, हे तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की रात्री दोन वाजता जो डॉक्टर खोलीत भेटतो तो आपला गुन्हेगार नाही. तो तिथे आहे! जो नाही त्याची जागा कुणी रिकामी ठेवली, त्याला गाठायचे आहे. तो खोलीत नसतो, फायलीमागे असतो.

ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर माणूस लागतो. माळा बांधला, गोफण टांगली, शेजारी खडे रचले, म्हणून पाखरे उठत नाहीत. गोफण फिरवणारा हात वर बसलेला असावा लागतो, आणि पाखरे येतात त्या वेळी बसलेला असावा लागतो. सरकारने आपल्याला माळे बांधून दिले आहेत. आता राखणदार कायद्याने बसवून घेऊ.